बाराव्या क्रमांकाचा हंगाम

गुणतक्ता वरून खाली वाचायची सर्वसाधारण रीत आहे. मी तो खालून वर वाचतो. आयुष्यभर हिशेब लिहिण्यात गेल्यामुळे बुडीत खाती आधी पाहायची सवय लागली आहे, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. जपानमधील व्यावसायिक फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे ज्याला तिथे 'जे-टू' म्हणतात त्या स्पर्धेचा 2001 सालचा तक्ता काही वर्षांपूर्वी माझ्या हाती लागला. बारा संघ, प्रत्येकाचे 44 सामने. सर्वांत खालच्या, बाराव्या ओळीत नाव होते वानफोरे कोफू. सहज म्हणून आदल्या वर्षीचा तक्ता काढला. 2000 साली संघ होते अकरा आणि कोफूचा क्रमांक अकरावा. त्याआधीचे 1999 हे या श्रेणीचे पहिलेच वर्ष. त्या वर्षी दहा संघ होते. कोफू दहावा. स्पर्धेत दरवर्षी एक नवा संघ येत होता आणि कोफू आपली तळाची जागा न सोडता आकड्याने तेवढा एकेक पायरी खाली उतरत होता.

एवढ्यावर हा विषय संपायला हवा होता. पण 2022 सालच्या जपानी सम्राट चषकाच्या विजेत्यांत हेच नाव दिसले, आणि 1999 ते 2001 या तीन ओळींचा त्या नावाशी मेळ बसेना. हरणारा संघ पुढे जिंकतो यात नवल नाही. खेळात ते होतच असते. मला प्रश्न पडला तो वेगळा. हा संघ 2001 नंतर अस्तित्वात राहिलाच कसा? त्याच काळात जपानमध्ये कोफूपेक्षा कितीतरी श्रीमंत क्लब बंद पडले होते. मी स्वतः ज्या संस्थेत बावीस वर्षे खतावण्या लिहिल्या, ती एका मार्च महिन्यात एका सभेत बंद झाली, आणि त्या सभेचे इतिवृत्तही मीच लिहिले. तेव्हापासून बंद न पडलेल्या संस्थांविषयी मला जरा जास्तच कुतूहल असते. जपानी लिपी पंचेचाळिशीनंतर घरीच पुस्तके समोर ठेवून शिकलो होतो, ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडली.

कोफू हे यामानाशी या प्रांताचे मुख्य ठिकाण. तोक्योच्या शिंजुकू स्थानकावरून वेगवान गाडीने दीड तासाची वाट, पण बोगदे ओलांडले की माणूस वेगळ्याच मुलखात उतरतो. चारही बाजूंनी डोंगर, दक्षिणेला फुजी पर्वत, मधल्या खोऱ्यात द्राक्षे आणि पीचच्या बागा. प्रांताला समुद्रकिनारा नाही. लोकसंख्या पूर्ण प्रांताची नऊ लाखांच्या आत आणि कोफू शहराची दोन लाखांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षा लहान असा हा प्रांत. मोठी बंदरे, पोलादाचे कारखाने, मोटारींच्या कंपन्या, ज्यांच्या पैशावर जपानी फुटबॉल उभा राहिला, त्यांतले इथे फारसे काही नव्हते.

या खोऱ्याचे मराठी वाचकाला ओळखीचे असू शकेल असे एकच नाव म्हणजे ताकेदा शिंगेन. अकिरा कुरोसावांचा 1980 सालचा 'कागेमुशा' ज्यांनी फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला असेल त्यांना तो आठवेल: ज्याच्या मृत्यूची बातमी लपवण्यासाठी एका भुरट्या चोराला त्याच्या जागी बसवले जाते, तो सोळाव्या शतकातला सरदार. शिंगेनच्या निशाणावर सून्झ या चिनी युद्धशास्त्रज्ञाच्या ग्रंथातून घेतलेली वचने होती. वारा, अरण्य, अग्नी आणि पर्वत या चार उपमा त्यांत येतात. 1995 साली क्लबला नवे नाव द्यायचे ठरले तेव्हा यांतल्या पहिल्या दोन उपमा उचलून त्यांचे फ्रेंच शब्द जोडण्यात आले आणि जपानी जिभेवर त्यांचे 'वानफोरे' झाले. चिनी वचन, जपानी सरदार, फ्रेंच शब्द आणि इंग्रजांचा खेळ! त्या दशकात जपानी क्लबांची नावे अशीच घडवली जात. आग आणि पर्वत का वगळले असतील कोण जाणे. पर्वत तसाही चहूकडे होताच.

*

कोफूचा क्लब मात्र नावाइतका नवा नव्हता. त्याचे मूळ 1965 सालातले. कोफूतल्या 'दाइइची' हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातून तेव्हा 'कोफू क्लब' उभा राहिला. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्याच वर्षी जपानची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. त्या लीगमधले आठही संघ कंपन्यांचे होते. तोयो कोग्यो, म्हणजे पुढची माझदा, हिताची, मित्सुबिशी, फुरुकावा इलेक्ट्रिक, यानमार डिझेल, यावाता पोलाद, एक यंत्रमाग कंपनी आणि एक बँक. खेळाडू कंपनीचे नोकर. मैदान कंपनीचे, पगारही कंपनीचा. मुंबईच्या फुटबॉलची थोडीफार माहिती असलेल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशी नावे कूपरेजच्या फलकावर आपणही पाहिलेली आहेत.

कंपन्यांच्या त्या जगात कोफू क्लब हा एक अपवाद होता. 1972 साली लीगची दुसरी श्रेणी सुरू झाली, तेव्हा तिच्या संस्थापक संघांत तोही होता. मागे कारखाना नाही, बँक नाही. शाळेतून निघालेली पोरे आणि शहरातली फुटबॉलवेडी माणसे. जवळच्या निरासाकी गावातल्या हायस्कूलचा फुटबॉल संघ तर देशभर नावाजलेला. पुढे इटलीत गाजलेला हिदेतोशी नाकाता जन्माने कोफूचा आणि शिकला त्या निरासाकीच्या शाळेत. तो अठराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाला, पण खेळायला गेला समुद्राकाठच्या हिरात्सुकाला. कोफूला तेव्हा व्यावसायिक संघच नव्हता. खोऱ्यात खेळाडू पिकत आणि बाहेर जात. हे वाक्य लिहिताना मला आपल्या काही जिल्ह्यांची आठवण होते आहे. ती वाचकालाही होईल.

1993 साली जे-लीग सुरू झाली. अध्यक्ष साबुरो कावाबुची. तो स्वतः फुरुकावा कंपनीच्या संघातून खेळलेला, तरी त्याने अट घातली की संघाच्या नावात कंपनी नको, गावाचे नाव हवे. त्यावरून एका बड्या वृत्तपत्रसमूहाशी त्याचा जाहीर खटका उडाला. नावे बदलली. हिताचीचा संघ काशिवा रेसोल झाला, माझदाचा सानफ्रेचे हिरोशिमा, मित्सुबिशीचा उरावा रेड्स. पाटी बदलली तरी बहुतेक ठिकाणी तिजोरी कंपनीचीच राहिली, आणि ही गोष्ट किती महत्त्वाची आहे ते पाच-सहा वर्षांतच कळले. सुरुवातीचा उत्साह ओसरला. 1994 साली सामन्याला सरासरी 19,000च्या वर असलेली गर्दी 1997 साली 10,000च्या आसपास आली. जमीन-शेअरांचा फुगा फुटून काही वर्षे झाली होती आणि कंपन्या खर्च कापत होत्या. ऑक्टोबर 1998मध्ये योकोहामा फ्लूगेल्स या क्लबच्या चाहत्यांना कळले की आपला संघ शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन होणार. दोन पोशिंद्या कंपन्यांपैकी एका बांधकाम कंपनीने अंग काढून घेतले होते, आणि दुसऱ्या विमान कंपनीला एकटीने भार नको होता. फ्लूगेल्सच्या खेळाडूंनी त्यानंतर सम्राट चषकातला एकही सामना गमावला नाही. 1 जानेवारी 1999 रोजी अंतिम सामना जिंकून, हातात करंडक घेऊन तो संघ संपला. नाकाताच्या हिरात्सुकातूनही 1999 साली बांधकाम कंपनी बाहेर पडली आणि तो संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला.

या पडझडीच्या ऐन मध्यावर, 1999 साली, जे-टू सुरू झाली आणि वानफोरे कोफू तिच्यात दाखल झाला. कुठल्याही कंपनीच्या आधाराशिवाय.

*

आता 2000 सालचा हंगाम. याच्यावर फार रेंगाळणार नाही, रेंगाळण्यासारखे त्यात काही नाही. कोफू सलग 19 सामने हरला. घरच्या सामन्याला सरासरी 2,000 माणसेही येत नव्हती. कोसे क्रीडासंकुलातले मैदान 1986च्या राष्ट्रीय क्रीडामहोत्सवासाठी बांधलेले. सुमारे 17,000 माणसे बसतील एवढे, मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याची रुंद पट्टी. एवढ्या सज्जात दोन हजारांहून कमी माणसे कशी विखुरलेली दिसत असतील याची कल्पना करावी.

वर्षाखेरीस ताळेबंद तयार झाला तेव्हा देणी मालमत्तेच्या वर गेलेली होती. साठलेला तोटा 40 कोटी येनांच्या पुढे. क्लबची कंपनी 1997 साली स्थापन झाली होती आणि तिचे प्रमुख भागधारक चार होते: यामानाशी प्रांताचे शासन, कोफू नगरपालिका, निरासाकी नगरपालिका आणि प्रांतातले वर्तमानपत्र व प्रसारण चालवणारा यामानिची वायबीएस हा समूह. चारांपैकी तिघे सार्वजनिक पैशाचे विश्वस्त. क्लब बंद करावा, हे मत तेव्हा मोठ्याने मांडले गेले, आणि मला ते मत मांडणाऱ्यांचा राग येत नाही. तळाला राहणाऱ्या, रिकाम्या मैदानात खेळणाऱ्या संघावर करदात्याचा पैसा का घालावा? त्या खुर्चीत मी असतो तर बहुधा हेच लिहिले असते. दुसऱ्या बाजूने चाहते रस्त्यावर उभे राहून सह्या आणि देणग्या गोळा करत होते.

भागधारकांनी शेवटी मधली वाट काढली. क्लबला एक वर्ष दिले आणि तीन अटी घातल्या. 2001च्या हंगामात घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती किमान 3,000. क्लबचे वर्गणीदार सभासद किमान 5,000. जाहिरातींचे उत्पन्न किमान 5 कोटी येन. एकही अट चुकली तर पुढच्या वर्षाची हमी नाही.

या तीन अटी मी अनेकदा वाचल्या आहेत. त्यांत फुटबॉल नाही. इतके सामने जिंका, अमुक क्रमांकाच्या वर या, असे एक अक्षर नाही. हे विसरून राहिले असेल असे मला वाटत नाही, कारण अटी घालणारे लोक आकड्यांत मुरलेले होते. प्रांताला संघ चांगला हवा आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. प्रांताला संघ हवा आहे का, एवढेच विचारले, आणि उत्तर मोजता येईल अशा तीन मापांत मागितले. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी जे-टूच्या खाली उतरणे नव्हते. तळाचा संघ खालच्या श्रेणीत जाण्याचा नियम प्रत्यक्षात आला तो 2012च्या हंगामापासून. म्हणजे 2001 साली कोफू सर्व 44 सामने हरला असता तरी मैदानावरून त्याला कुणी हाकलू शकत नव्हते. त्याला मारू शकत होता तो फक्त पैसा. त्या वर्षाचे दोन तक्ते होते. एक लीगचा, जो दर आठवड्याला छापून येई. दुसरा या तीन अटींचा.

दुसऱ्या तक्त्याची जबाबदारी काझुयुकी उमिनो या गृहस्थांवर आली. ते भागधारक वृत्तपत्रसमूहातून आले आणि 2001 साली क्लबचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पद्धतीचे वर्णन आपल्याकडच्या शब्दांत करायचे तर ती गणेशोत्सवाच्या वर्गणीची पद्धत होती: मोठ्या देणगीदाराची वाट न पाहता गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची पायरी चढायची. मोठी कंपनी नाहीच, तेव्हा लहान पुष्कळ गोळा करायचे. जाहिरातीला जागा कुठली द्यायची, तर दिसेल ती प्रत्येक. फलक भरले, तिकिटे भरली, आणि जखमी खेळाडूला उचलून नेतात त्या स्ट्रेचरवरसुद्धा जाहिरात लागली. या स्ट्रेचरची गोष्ट जपानी फुटबॉलमध्ये अजून हसत सांगितली जाते. मला तिच्यात विनोदापेक्षा हिशेबच अधिक दिसतो. संघ हरतो आहे, सतत बचाव करतो आहे, म्हणजे स्ट्रेचर मैदानात येण्याचे प्रसंग कमी नसणार; त्या जागेला किंमत आहे. रोख देता येत नसेल त्याने वस्तू द्यावी, सेवा द्यावी, अशीही सोय होती. जर्सीच्या छातीवर त्या वर्षी नाव आले ते हाकुबाकु या यामानाशीतल्याच कंपनीचे. ही कंपनी सातू आणि इतर धान्ये विकते. फुजित्सू, तोक्यो गॅस, एनटीटी अशा बड्या नावांच्या बळावर उभ्या संघांशी ज्या श्रेणीत गाठ पडली होती, तिथे कोफूचे खेळाडू छातीवर धान्यवाल्याचे नाव घेऊन उतरले. ते नाव पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिले.

प्रेक्षकांचे गणित अधिक अवघड होते. 44 सामन्यांपैकी घरचे 22. सरासरी 3,000 म्हणजे हंगामभरात 66,000 माणसे दारातून आत यायला हवीत. पावसात, उन्हात, बुधवारी रात्री, आणि संघ हरत असताना. त्या वर्षापर्यंत जे-टूमध्ये 90 मिनिटांत बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवत आणि पहिला गोल झाला की सामना तिथेच संपे. नव्वद मिनिटांत जिंकल्यास तीन गुण, जादा वेळेत जिंकल्यास दोन. कमकुवत संघाला हा नियम क्रूर ठरतो. दीड तास जिवाच्या आकांताने बरोबरी टिकवायची, आणि मग दमलेल्या पायांनी एक चूक झाली की हाती काहीच नाही. असे सामने पाहायला माणसे पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा ती नक्की काय पाहायला येतात? मला वाटते त्या वर्षी कोसेला येणारा माणूस स्वतःलाच मोजायला येत होता. तो आला की आकडा एकाने वाढणार होता, एवढे त्याला ठाऊक होते.

हंगाम संपला. लीगच्या तक्त्यात कोफू बारा संघांत बारावा, सलग तिसऱ्यांदा तळाला. दुसऱ्या तक्त्यात तिन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. सरासरी उपस्थिती 3,000च्या वर गेली ती शंभर-दीडशेनेच, पण गेली. सभासद पाच हजारांच्या पुढे. जाहिरातीचे उत्पन्नही ठरलेल्या रकमेच्या वर. क्लब चालू ठेवण्याचा निर्णय झाला.

त्या वर्षीच्या तक्त्यात कोफूच्या वर काही ओळींवर योकोहामा एफसी हे नाव आहे. फ्लूगेल्स संपल्यावर त्याच्या चाहत्यांनी स्वतः पैसे उभे करून काढलेला हा क्लब, 2001 साली पहिल्यांदाच जे-टूमध्ये आला. आणि हिरात्सुकाचा जुना संघ शोनान बेलमारे या नावाने त्याच तक्त्यात आहे. बाहेरून ही श्रेणी दुय्यम दिसते. पण कंपनी गेल्यावर क्लबचे काय होते, या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे त्या एका वर्षी त्या एका तक्त्यात शेजारी शेजारी उभी होती, आणि फुटबॉलच्या इतिहासकारांनी पहिल्या श्रेणीवर जेवढी शाई खर्च केली त्याच्या चौथा हिस्साही इथे केलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

*

पुढचे थोडक्यात. 2002 साली ताकेशी ओकी प्रशिक्षक झाले आणि कोफू एकदम सातव्या क्रमांकावर आला. मग तीन वर्षांनी, 2005 साली, ओकी पुन्हा आले. शेवटच्या दिवशी कोफूने क्योतोला हरवले, सेंदाईने बरोबरी केली, आणि एका गुणाच्या फरकाने कोफू तिसरा आला. तिसऱ्याला पहिल्या श्रेणीतल्या खालून तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळायची संधी मिळे. समोर आला काशिवा रेसोल, म्हणजे 1965च्या त्या आठ संघांतला हिताची.

7 डिसेंबर 2005, कोसे. सामना संपत आला असताना मैदानावरचे दिवे गेले. अर्ध्या तासाहून अधिक काळ खेळ थांबला. थंडीत सगळे उभे. दिवे आले, उरलेली मिनिटे खेळली गेली आणि कोफू 2–1 जिंकला. तीन दिवसांनी काशिवाच्या मैदानावर कोफूने 6–2 असा विजय मिळवला, आणि सहाही गोल बारे या एकट्या ब्राझिलियन खेळाडूचे. कोफू पहिल्या श्रेणीत गेला. 2006 साली कोसेची सरासरी उपस्थिती 12,000च्या पुढे होती. पाच वर्षांपूर्वी 3,000साठी घाम गाळलेल्या त्याच मैदानावर.

पहिल्या श्रेणीत तो टिकला मात्र नाही. 2007 साली खाली, 2010 साली वर, 2011 साली खाली, 2012 साली दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद घेऊन पुन्हा वर, 2017 साली पुन्हा खाली. या चढउतारात कुणी क्लब बंद करण्याचा विषय काढला नाही. लहान प्रांताच्या संघाने वरखाली होत राहायचेच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले दिसते.

मग 2022. जे-टूमध्ये आता 22 संघ. कोफू अठरावा. शरद ऋतूत तर लीगमध्ये पराभवांची रांगच लागली होती. तिकडे सम्राट चषकात मात्र तोच संघ पहिल्या श्रेणीतल्या एकेकाला बाहेर काढत होता: साप्पोरो, तोसू, फुकुओका, आणि उपांत्य सामन्यात काशिमाला त्यांच्याच मैदानावर 1–0. अंतिम सामना 16 ऑक्टोबर रोजी योकोहामात, निस्सान स्टेडियमवर. समोर सानफ्रेचे हिरोशिमा. 1965 सालची पहिली लीग जिंकणाऱ्या तोयो कोग्योचा, म्हणजे माझदाचा वारस. एका मोटार कंपनीच्या नावाच्या मैदानावर दुसऱ्या मोटार कंपनीच्या संघाशी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब खेळणार होता. प्रेक्षक 38,000च्या आसपास.

26व्या मिनिटाला मित्सुहिराने कोफूसाठी गोल केला. 84व्या मिनिटाला कावामुराने बरोबरी साधली. जादा वेळ सुरू झाली. तिच्या उत्तरार्धात प्रशिक्षक योशिदा यांनी हिदेओमी यामामोतोला उतरवले. वय 42. कोफूत तो 2003 साली आला होता, म्हणजे हा त्याचा विसावा हंगाम. क्लबचे दिवस पालटू लागले होते तेव्हापासूनचा साक्षीदार. मैदानात येऊन काही मिनिटे होतात न होतात तोच गोलक्षेत्रात चेंडू त्याच्या हाताला लागला. हिरोशिमाला पेनल्टी. मित्सुताने ती मारली आणि गोलरक्षक कोहेई कावाता याने अडवली. सामना पेनल्टींवर गेला. कावाताने हिरोशिमाची आणखी एक अडवली, ती नेमकी बरोबरीचा गोल करणाऱ्या कावामुराची. कोफूचा पाचवा आणि शेवटचा फटका घ्यायला आला यामामोतो. त्याने जाळे शोधले. 5–4.

दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने सम्राट चषक जिंकल्याचे आधीचे उदाहरण 2011च्या हंगामातील एफसी तोक्योचे, पण तो संघ त्या वर्षी आपल्या श्रेणीत पहिला होता. अठराव्या संघाने तो जिंकणे ही वेगळीच गोष्ट. हिरोशिमाने पुढच्याच आठवड्यात दुसरा एक चषक जिंकून दुःख हलके केले. कोफूचा लीगमधला क्रमांक अठरावाच राहिला, आणि योशिदा हंगामाखेरीस प्रशिक्षकपदावरून गेले. ज्याने क्लबला इतिहासातला सर्वांत मोठा करंडक मिळवून दिला तोच माणूस त्याच वर्षी बाहेर पडतो! मला हे अन्यायाचे वाटले होते. पण लीगचा तक्ता पुन्हा पाहिल्यावर माझ्यातला हिशेबनीस गप्प बसला.

*

चषकविजेता म्हणून कोफूला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला. 2023च्या शरदातली ही स्पर्धा. कोसेचे मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हते, त्यामुळे घरचे सामने तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळावे लागले. खोऱ्यातून तोक्योला किती माणसे जाणार? पण प्रत्येक सामन्याला 10,000हून अधिक लोक आले, आणि त्यांत इतर क्लबांचे चाहते आपापल्या संघाच्या जर्सी घालून कोफूला ओरडून साथ द्यायला आले होते. मेलबर्न, बुरिराम आणि चीनच्या झेजियांगच्या गटात दुसऱ्या श्रेणीतला हा संघ 11 गुणांनी पहिला आला. पुढे कोरियाच्या उल्सानने दोन्ही सामन्यांत हरवले.

त्याच स्पर्धेच्या त्याच मोसमात पश्चिम विभागात आपली मुंबई सिटी होती. तिच्याही घरच्या मैदानाची अडचण तीच. अंधेरीचे मैदान निकषात न बसल्याने तिला पुण्याच्या बालेवाडीत यावे लागले, आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. मुंबई सहाही सामने हरली. 28 नोव्हेंबरला उझबेकिस्तानच्या नवबहोरविरुद्धच्या सामन्याला मी बालेवाडीत होतो. दुसऱ्या दिवशी तोक्योत कोफूचा मेलबर्नशी सामना होता, तो 3–3 असा सुटला.

मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांशी बोलणे निघाले. माझ्याच वयाचे, एकेकाळी कूपरेजवर नियमित जाणारे. महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाला, पुणे एफसी 2015 साली, आणि 2016 साली गोव्याच्या धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तिघांनी एकदमच राष्ट्रीय लीग सोडली, हा सगळा पाढा त्यांना तोंडपाठ होता. मी त्यांना कोफूविषयी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मालक कोण आहे?"

मी सांगितले: प्रांताचे शासन, दोन नगरपालिका, एक वर्तमानपत्र. मग सातूवाल्या कंपनीचेही नाव सांगितले, वर्गणीदार सभासदांविषयी सांगितले, आणि स्ट्रेचरही सांगितला.

"ते सगळं ठीक आहे हो," ते म्हणाले, "पण मालक?"

तेवढ्यात खेळाडू मैदानात आले आणि आम्ही दोघेही तिकडे पाहू लागलो.